निळी पिशवी आणि बंद गिरणीची पेन्शन

'गिरणी बंद पडली, म्हणजे सगळं बुडालं,' असं आमच्या घरात बारा वर्षं धरून चाललो होतो. मग एचआरचा एक कंटाळवाणा मेल आला. यवतमाळच्या लोखंडी पेटीतली एक पिशवी उघडली. आणि कळलं की बुडालं होतं ते फक्त अर्धंच.

मार्च २०२३. इअर एण्डचा आठवडा, हिंजवडीतलं ऑफिस, कॉफीचा तिसरा कप. इनबॉक्समध्ये एचआरचा मेल पडलेला, 'लास्ट रिमाइंडर : ई-नॉमिनेशन पूर्ण करा.' असे मेल आपण काय करतो? मार्क ॲज रेड. मीही तेच करणार होतो. पण शेजारच्या डेस्कवरची मैत्रीण म्हणाली, ''तुझं लग्न झालं ना? मग आधीचं नॉमिनेशन चालत नाही. नवं भरावं लागतं. माहीत नव्हतं?''

नव्हतं. पीएफ म्हणजे सॅलरी स्लिपवरचा एक चिडवणारा आकडा, एवढाच माझा अभ्यास. पोर्टल उघडलं तर त्याला घरातल्या सगळ्यांचे आधार नंबर हवे, जन्मतारखा हव्या, फोटो हवेत. आईला फोन लावला.

''कशाले पाहिजे रे माही जन्मतारीख?''

''पीएफचं काम आहे, आई.''

''असं होय. तुह्या बाबाचाबी होता ना पीएफ. बुडाला तो गिरणीसंगं.'' मग जरा थांबून, ''कागदं हायेत अजून. निळ्या पिशवीत. परवा उंदरानं एक कोपरा कुरतडला, म्हटलं फेकून द्याव आता.''

''फेकू नको,'' एवढंच मी म्हणालो. का म्हणालो, ते मलाही माहीत नव्हतं.

बाबा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंग फ्रेमवर होते. १९८८ साली लागले. तेव्हा आमच्याकडे गिरणीत लागणं म्हणजे आजच्या भाषेत कॅम्पस प्लेसमेंट. जिल्हा कापसाचा, पांढऱ्या सोन्याचा. पण तो कापूस जिनिंगमध्ये सरकी वेगळी करून, गाठी बांधून ट्रकनं बाहेर जायचा. त्याचं सूत इथंच निघावं, पैसा इथंच राहावा, या विचारानं सहकारी सूतगिरण्या उभ्या राहिल्या. स्वप्न वाईट नव्हतंच. चाललं नाही, एवढं खरं. बाबांच्या गिरणीचा भोंगा २००४ मध्ये थांबला. आधी पगार उशिरा, मग अर्धा, मग गेटवर नोटीस. मी बारा वर्षांचा होतो. बाबा दुपारी घरी दिसायला लागले, हीच माझ्यासाठी ती बातमी.

नंतर ते सीझनला जिनिंगमध्ये जायचे, बाकीचे दिवस मिळेल ते काम. २००६ मध्ये पीएफचे पैसे काढले, त्यात घरावर स्लॅब पडला. मे २०११ मध्ये गेले, हार्ट ॲटॅकनं, बावन्नाव्या वर्षी. मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो. त्या वर्षी होस्टेलची फी आईच्या पाटल्यांतून गेली. हे रडगाणं नाही, पुढचा हिशेब कळावा म्हणून सांगतोय.

एप्रिलच्या लाँग वीकएन्डला यवतमाळला गेलो आणि निळी पिशवी उघडली. आत काय नव्हतं! खाकी शर्टातल्या बाबांचा फोटो लावलेला गेटपास. ईएसआयचं कार्ड. रबर बँड लावलेली पगाराची पाकिटं, दिवाळी बोनसच्या चिठ्ठ्या. आणि तळाशी, घडीवर झिरझिरीत झालेल्या, पीएफच्या सात-आठ वार्षिक स्लिपा. कुरतडलेला कोपरा नेमका त्यांच्यावरच आला होता. खातं क्रमांकाचा शेवटचा भाग उंदरानं खाल्लेला.

त्या स्लिपा घेऊन मी दोन रात्री बसलो, आणि एक गोष्ट लक्षात यायला लागली. ती तुमच्या सॅलरी स्लिपवरही आहे. आपल्या पगारातून बारा टक्के कापले जातात आणि कंपनीही बारा टक्के भरते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण कंपनीच्या बारातले ८.३३ टक्के आपल्या पीएफ खात्यात जातच नाहीत. ते जातात पेन्शन फंडात. आपल्या खात्यात उरतात ३.६७. पासबुकात 'कंपनीचा वाटा एवढा कमी कसा' असं वाटून तुम्ही कधी वैतागला असाल, तर उत्तर हे आहे. हा पेन्शन फंड म्हणजे ईपीएस ९५, १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झालेली योजना. तिच्याआधी १९७१ ची फॅमिली पेन्शन योजना होती, आणि तिच्यातली नोकरी पुढच्या योजनेत धरली जाते.

बाबांनी २००६ मध्ये काढला तो पीएफ. पेन्शन फंडातलं काही काढलंच नव्हतं. काढता येतही नव्हतं, कारण नोकरी दहा वर्षांच्या वर झाली की ती रक्कम एकरकमी मिळत नाही. तिथे पेन्शनच घ्यायची असते. त्यासाठी नोकरी सुटल्यावर स्कीम सर्टिफिकेट नावाचा कागद घेऊन ठेवतात. बाबांनी तो घेतला नव्हता. गिरणीच्या गेटवर त्या दिवसांत एकच प्रश्न होता, पीएफ कधी निघेल. पेन्शन हा शब्द सरकारी नोकरांसाठी असतो, अशीच सगळ्यांची समजूत.

आणि आता खरा मुद्दा. असा माणूस नोकरी सुटल्यावर, अठ्ठावन्न वर्षांचा व्हायच्या आत गेला आणि त्याची दहा वर्षांची सेवा झालेली असेल, तर त्याच्या पत्नीला विधवा पेन्शन लागू होते, मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून. पंचवीस वर्षांच्या आतली दोन मुलं असतील, तर त्यांनाही, आईच्या पेन्शनच्या पंचवीस टक्के प्रत्येकी. हे पैसे गिरणीनं द्यायचे नाहीत. गिरणी असो, नसो, लिलावात जावो, पैसे त्या फंडातून येतात.

म्हणजे मे २०११ पासून आईची पेन्शन सुरू व्हायला हवी होती. आम्ही मागितलीच नव्हती.

आईला हे सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, ''गिरणीच नाही तर पेन्शन कोण देईन बापा? येडा झाला का?''

तिचा प्रश्न अगदी रास्त होता. फॉर्मवर सही-शिक्का कंपनीचा लागतो. कंपनीचं ऑफिस म्हणजे आता बाभळी आणि एक वॉचमन. मालक नाही, मॅनेजर नाही, एचआर हा शब्द तर त्या गेटनं कधी ऐकलाच नव्हता.

इथे आमच्या मदतीला आले गिरणीतले टाइमकीपर काका. वय पंच्याहत्तरच्या पुढे, कानाला यंत्र, पण डोक्यात अख्खं हजेरी रजिस्टर. त्यांनी सांगितलेली युक्ती लिहून ठेवा. जुना पीएफ नंबर तीन तुकड्यांचा असतो, राज्याची खूण, मग कंपनीचा कोड, मग माणसाचा स्वतःचा नंबर. कंपनीचा कोड सगळ्या कामगारांचा एकच. तुमच्याकडची स्लिप हरवली, तरी वडिलांच्या कुठल्याही सहकाऱ्याची स्लिप चालते, अर्ध काम तिथंच होतं. आमच्या स्लिपांवर कोड होता, माणसाचा नंबर उंदराच्या पोटात. काकांनी वही काढली. २००४ मध्ये गेट बंद व्हायच्या आदल्या आठवड्यात त्यांनी घरच्या फुलस्केप वहीत सगळ्यांचे नंबर उतरवून घेतले होते. ''काहून उतरवले?'' मी विचारलं. ''हजेरी घेणाराचं काम हाय ते,'' म्हणाले.

मी एक्सेल शीटवर पगार कमावणारा माणूस. त्या वहीसमोर गप्प बसलो.

वहीतून दुसरं लफडं निघालं. गिरणीच्या रजिस्टरमध्ये बाबांचं नाव होतं ते घरचं, ज्यानं अख्खा मोहल्ला त्यांना हाक मारायचा. मृत्यू दाखल्यावर होतं शाळेतलं नाव. आडनाव तेच, वडिलांचं नाव तेच, पण पहिलं नाव पूर्ण वेगळं. आपल्याकडे घरोघरी हीच गोष्ट आहे, बाळू, बबन, गुलाब, आणि दाखल्यावर भलतंच. आई तर आणखी वेगळी, नॉमिनेशनच्या कागदावर तिचं माहेरचं नाव. आम्ही पहिला अर्ज ह्या नावांकडे लक्ष न देता भरला आणि तो परत आला. चूक आमची. दुसऱ्यांदा बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला, 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं आईचं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा पुरावा आणि गेटपासची झेरॉक्स असं सगळं लावलं. गेटपासचा फोटो आणि शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख, या दोन गोष्टींनी गाडी रुळावर आली.

सही-शिक्क्याचं कोडंही सुटलं, आणि फार सोपं निघालं. कंपनी बंद असेल तर पीएफचा क्लेम साक्षांकित करू शकणाऱ्यांची एक यादीच आहे. दंडाधिकारी, राजपत्रित अधिकारी, पोस्टमास्तर, बँकेचा मॅनेजर, सरपंच, आमदार-खासदार, नगरपालिकेचा सदस्य, मान्यताप्राप्त शाळेचा मुख्याध्यापक. यातला कोणीही एक. लोक वर्षानुवर्षं गिरणीचा जुना मॅनेजर शोधत फिरतात, आणि सही करू शकणारा माणूस गल्लीच्या टोकाला शाळेत बसलेला असतो. आम्ही माझ्याच शाळेत गेलो. सरांनी फॉर्म शेवटपर्यंत वाचला, एका जागी इंग्रजी स्पेलिंग सुधारलं, मग सही केली. आईला म्हणाले, ''वहिनी, तुम्ही दोन वर्षं आधी आल्या असत्या तर बरं झालं असतं. तुमच्या मागच्या गल्लीतली बाई, तिचाही नवरा गिरणीत होता. ती मागच्या पावसाळ्यात गेली.''

यवतमाळ जिल्ह्याचा पीएफचा कारभार अकोल्याहून चालतो. जुलै महिन्यात सकाळच्या एसटीनं आम्ही मायलेक निघालो. दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. आईला खिडकी. हा रस्ता माहीत असणाऱ्यांना माहीत आहे, कधी डावीकडे कधी उजवीकडे शकुंतलेचे अरुंद रूळ गवतात दिसतात. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर. किलिक निक्सन या ब्रिटिश व्यापारी घराण्याच्या कंपनीनं कापूस मुंबईच्या गाडीला जोडायला टाकलेली लाइन, १९४७ नंतरही खासगी मालकीची राहिलेली. आजोबा त्या गाडीनं लग्नाला गेले होते, असं आई सांगत होती. बंद पडलेल्या गाडीच्या रुळांशेजारून बंद पडलेल्या गिरणीचे कागद घेऊन जाताना मला उगाच हसू आलं. आईनं विचारलं, ''काय झालं?'' म्हटलं, काही नाही.

मी ऑफिसमधून शिकून आलो होतो, सगळ्याची फाइल, फ्लॅग लावलेली, वर इंडेक्स. फॉर्म १०-डी, म्हणजे मासिक पेन्शनचा अर्ज. मृत्यू दाखला. आईचं आधार आणि पासबुकाचं पहिलं पान. माझा जन्मदाखला. स्कीम सर्टिफिकेट नव्हतं, पण सेवेचा हिशेब पीएफ ऑफिसच्या स्वतःच्या दप्तरातही असतो, कारण गिरणी दरवर्षी प्रत्येक कामगाराचं विवरण तिथे भरायची. खिडकीवरच्या मॅडमनी कागद पाहिले आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, ''तुमचा पण अर्ज आहे, माहीत आहे ना?''

माझा?

''वडील वारले तेव्हा तुम्ही पंचवीसच्या आत होता. मुलाची पेन्शन.''

मी एकतीस वर्षांचा, दाढी पांढरी व्हायला लागलेली. वाचताना ती ओळ माझ्यासाठी आहे, असं डोक्यातच आलं नव्हतं.

आता एक गंमत, कडवट चवीची. भारतातल्या सुरुवातीच्या पेन्शन फंडांपैकी एक आपल्या विदर्भात जन्मला. नागपूरची एम्प्रेस मिल जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केली आणि १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाईसुद्धा. कायद्याचा धाक नसताना. तीच मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. जागेवर नंतर एम्प्रेस मॉल उभा राहिला. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगाव कॉटन मिलचीही चिमणी थंड झाली. आणि यवतमाळमध्ये सूतगिरण्यांच्या जोडीला साखर कारखाने. दारव्हा तालुक्यात बोदेगावचा जय किसान बंद पडला. उमरखेड तालुक्यातला पोफाळीचा वसंत सहकारी साखर कारखाना, नाव वसंतराव नाईकांचं, तोही काही हंगाम बंद राहिला. प्रत्येक गेटबाहेर तेच प्रश्न आणि तशाच पिशव्या.

साखर कारखान्यांवरून आठवलं. बंद कारखान्याचा माल किंवा जमीन विकली जाते, तेव्हा पहिला हात कोणाचा? बँक म्हणते माझा, कारण माल माझ्याकडे तारण. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या तारण ठेवलेल्या साखरपोत्यांवरून हाच वाद सुप्रीम कोर्टात गेला होता, महाराष्ट्र राज्य सहकारी बँक विरुद्ध पीएफ खातं. २००९ मध्ये निकाल लागला की पीएफची थकबाकी आधी, बँकेचं तारण नंतर. पीएफ कायद्याच्या अकराव्या कलमात तसं लिहिलेलंच आहे. कामगाराच्या पगारातून कापून घेतलेला पैसा भरलाच नाही, तर तो फौजदारी विश्वासघात धरला जातो, हेही कायद्यात आहे.

आमच्या गिरणीनं शेवटचे अकरा महिने पगारातून पीएफ कापला आणि भरला नाही. पण पेन्शनसाठी सेवा मोजताना नियमाचे शब्द काय आहेत बघा, ज्या सेवेची वर्गणी 'मिळाली आहे किंवा मिळणं आहे' ती सेवा. मालकानं बुडवली म्हणून कामगाराचे महिने बुडत नाहीत. ते दोन शब्द ज्यानं कोणी त्या मसुद्यात घातले, त्याला आमच्या घरी चहा कायमचा फ्री.

ग्रॅच्युइटीची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथे मी खोटी आशा दाखवणार नाही. ती कुठल्या फंडातून येत नाही, मालकाच्या खिशातून येते. हिशेब शाळकरी गणिताइतका सोपा. शेवटचा पगार, म्हणजे मूळ अधिक महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले वर्षं. बाबांचा शेवटचा पगार ३,९०० रुपये. वर्षं सोळा. उत्तर ३६,०००. सोळा वर्षं कानात रुई आणि यंत्राचा आवाज, त्याचे छत्तीस हजार, आणि तेही मिळाले नाहीत. सहकारी संस्था अवसायनात निघाली की तिच्यावर अवसायक नेमतात, म्हणजे इतर कंपन्यांच्या भाषेत लिक्विडेटर. त्याच्याकडे वारसांनी दावा नोंदवायचा, कागद लावायचे आणि रांगेत उभं राहायचं. बाबांनी हयातीत अर्ज दिला होता का, याची पोच पिशवीत सापडली नाही. उशीर माफ करून घ्यायचा अर्ज जोडून आम्ही दावा टाकला आहे. त्याचं काही होईल, असं मी आईला सांगितलेलं नाही.

'हे सगळं गिरणीवाल्यांचं, आम्ही आयटीवाले,' असं मनात आलं असेल तर एक मिनिट. जेट एअरवेजचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. टाय लावणारे, इंग्रजी बोलणारे हजारो लोक एका रात्रीत गेटबाहेर. पीएफ-ग्रॅच्युइटीसाठी त्यांना थेट सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. ऑक्टोबर २०२२ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणानं कर्मचाऱ्यांच्या बाजूनं निर्णय दिला, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यात हात घातला नाही, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये कंपनी लिक्विडेशनमध्ये काढण्याचा आदेश झाला. दिवाळखोरीच्या २०१६ च्या कायद्यात पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडातला पैसा विकायच्या मालमत्तेत धरत नाहीत. अट एकच, की फंड खरोखर असायला हवा. तुमच्या स्टार्टअपनं ग्रॅच्युइटीचा वेगळा ट्रस्ट किंवा विमा केलाय का, हे पुढच्या टाउनहॉलमध्ये विचारून बघा. बीन बॅगपेक्षा तो प्रश्न जास्त कूल आहे.

आता थोडं कामाचं, कात्री लावून ठेवा. नोकरीत असतानाच माणूस गेला, तर पीएफ आणि पेन्शनशिवाय तिसरी गोष्ट असते, ईडीएलआयचा विमा. तो पीएफला चिकटूनच येतो, वेगळा हप्ता आपल्या पगारातून जात नाही. २०२१ पासून त्याची कमाल रक्कम सात लाख आहे. पीएफसाठी फॉर्म २०, विम्यासाठी ५-आयएफ, पेन्शनसाठी १०-डी. अशा मृत्यूत ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट लागत नाही. १९७२ चा कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण ही सवलत तिथेही कायम आहे. नॉमिनेशनच नसेल तर पीएफ कुटुंबात समान वाटला जातो. त्यात सज्ञान मुलगे आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुली धरत नाहीत, तेव्हा आईचा पीएफ-क्लेम 'मी बघतो' म्हणत भावाभावांत भांडू नका. क्लेम फुकट असतो. टक्केवारी मागणारा एजंट दारात आला तर त्याला चहासुद्धा देऊ नका. आणि अकोला, नागपूर, पुणे गाठायची सोय नसेल तर जानेवारी २०२३ पासून पीएफ खातं 'निधी आपके निकट' या नावानं दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात शिबिर घेतं, सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, दिवाळीच्या आधी, आईची पेन्शन ऑर्डर आली. किमान पेन्शन १ सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये. आईचीही तेवढीच. त्याआधीची वर्षं आणखी कमी दरानं. सगळी थकबाकी मिळून एक लाख तीस हजारांच्या आसपास. आई बँकेत पासबुक भरून आली आणि तीनदा तो आकडा मोजला, बोट ठेवून.

एक हजार. आपल्या टीम लंचमध्ये दोन माणसांचं बिल. हा आकडा लाजिरवाणा आहे, आणि तो मी एकटाच म्हणत नाही. ईपीएस ९५ चे पेन्शनर महिना साडेसात हजार मागत आलेत, आणि त्या आंदोलनाचं मोठं केंद्र आमच्याच विदर्भात, बुलडाण्यात. तिथे २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू झालं. बाबांच्या वयाची माणसं, हातात फलक, डोक्यावर टोपी. टीव्हीवर मी ती पूर्वी पाहिली असतीलही. कोण आहेत, विचारलं नव्हतं.

तरी आईच्या वागण्यात फरक पडला. आधी मी पैसे पाठवायचो, ती ठेवून द्यायची, खर्चायची नाही. हे हजार रुपये ती खर्च करते. शेजारणीला सांगते, ''माही पेन्शन आली.'' गॅस, देवाची फुलं, भिशी. ''हे तुह्या बाबाचे हायेत,'' म्हणते, म्हणजे तुझे नाहीत, मला विचारू नको.

माझ्या खात्यात आले साडेतेरा हजार. मे २०११ ते फेब्रुवारी २०१७, म्हणजे मी पंचवीसचा होईपर्यंतचे. आधी महिना दीडशे, मग अडीचशे. मोबाइल वाजला तेव्हा मी मीटिंगमध्ये होतो. एसएमएस वाचला आणि लॅपटॉपची स्क्रीन खाली केली. होस्टेलच्या मेसचा तेव्हाचा हिशेब डोळ्यांसमोर आला, उधारीची वही, वॉर्डनची नोटीस. दीडशे रुपयांनी तेव्हा काय झालं असतं? फार काही नाही. पाटल्या वाचल्या नसत्याच. पण दर महिन्याच्या सुरुवातीला बाबांच्या नावानं काहीतरी आलं असतं.

ते पैसे अजून तसेच आहेत. बायको म्हणते फ्रीज घेऊ. बघू.

टाइमकीपर काकांच्या वहीत नावांपुढे आता पेन्सिलच्या खुणा आहेत. बरोबरची खूण म्हणजे पेन्शन सुरू. गोल म्हणजे कागद अपुरे. फुली म्हणजे बाई वारली आणि मुलंही पंचविशीच्या पुढे गेलेली. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मोजल्या. बरोबरच्या अकरा, गोल सतरा, फुल्या नऊ. बरीच पानं अजून कोरीच आहेत. त्यातले काही पत्ते पुण्याचे आहेत, मुलांकडे राहायला आलेल्या आयांचे. चिंचवड, वाघोली, हडपसर. काकांनी ती यादी मला दिली आणि म्हणाले, ''तू तिथंच राहतो ना. रविवारी काय करतो?''

या रविवारी वाघोलीला चाललोय.